बेबीताईचा पहाटेचा फोन

फुलं तोडताना बेबीताईला दोन्ही हात मोकळे लागायचे. म्हणून ती फोन कानाशी धरायची आणि त्यावरून नवऱ्याचं जुनं मफलर करकचून बांधायची. कपाळाला बॅटरी, कानाशी फोन, कमरेला फुलांची झोळी. "अशा अवतारात तुले कोणी पायलं त भूत समजून पळून जाईन," असं तिकडून आचल म्हणायची आणि मग दोघी हसायच्या. बेबीताई हसू दाबून, कारण रानात आवाज लांब जातो.

वलगावच्या शिवारात त्यांचा मळा होता. झेंडू, शेवंती, बांधाच्या कडेला थोडा निशिगंध. नवरा पंजाबराव घरी म्हशीचं दूध काढायचे, तोपर्यंत बेबीताई पहिल्या ओळी तोडून ठेवायची. तोडणीच्या बाया उजाडता उजाडता यायच्या. मग ऑटो येई आणि पंजाबराव पोती घेऊन अमरावतीच्या फुलबाजाराला जात. दिवसभरात बेबीताई एकटी असे ती तेवढीच, अंधार सरेपर्यंत.

आचल तिची एकुलती मुलगी. अकोल्याला एका खासगी दवाखान्यात नर्स होती आणि मुद्दाम रात्रपाळी मागून घ्यायची. पहाटे पेशंट झोपलेले असत, तेव्हा ती जिन्यात येऊन बसे. तीन वर्षांपूर्वी तिने चंदनशी कोर्टात लग्न केलं होतं. चंदन तिकडच्या एका दालमिलमध्ये मशीनवर होता. सरळ मुलगा, निर्व्यसनी, पण दुसऱ्या समाजातला. पंजाबरावांनी तेव्हा आरडाओरड केली नाही. ओसरीवर बसून एवढंच म्हणाले, "आजपासून आपल्याले पोरगी नाई. या घरात तिचं नाव निंगलं नाई पायजे." आणि ते आपल्या बोलण्याला असे चिकटले की बायकोला इतकी वर्षं 'आचलची आई' म्हणून मारलेली हाकसुद्धा त्यांनी सोडून दिली. नुसतं 'आयकतं का' म्हणू लागले.

बेबीताईने मान डोलावली होती. महिनाभर पाळलंही. मग एकदा शेवंतीच्या ओळीत उभं असताना तिच्या बोटांनी आपोआप नंबर लावला. तिकडून आचल "हॅलो" म्हणाली. तेव्हापासून एक पहाट चुकली नाही.

काय बोलायच्या? वरणाला फोडणी कशाची दिली इथपासून सुरू व्हायचं. आचलचा पहिला जीव पोटात राहिला नाही, ते दुःख तिने सासरी दोन दिवसांत आवरलं आणि आईकडे मात्र पुढचा अख्खा उन्हाळा थोडंथोडं काढलं. बेबीताईही बोलायची. तिच्या लग्नाआधीची एक गोष्ट होती, जी तिने आपल्या आईला, बहिणीला, कोणालाच कधी सांगितली नव्हती. ती आचलला सांगितली. ती गोष्ट इथेही सांगायचं कारण नाही. पण सांगून झाल्यावर बेबीताईला आठवडाभर अंग हलकं वाटत होतं, एवढं खरं.

त्या वर्षी दिवाळी सरली आणि थंडी पडायला लागली, तेव्हा गावाबाहेरच्या रस्त्यावरचं एटीएम फुटलं. पहाटेच्या अंधारात गाडीतून माणसं आली, गॅस कटरने मशीन कापलं. आत श्रावण नावाचा गावातलाच रखवालदार झोपला होता. तो उठून आडवा आला, तर त्याच्या डोक्यात लोखंडी गज घातला. उजाडल्यावर लोकांनी त्याला अमरावतीला नेलं. बेबीताई त्या वेळी तिथून हाकेच्या अंतरावर झेंडू तोडत होती. पण कानाला फोन आणि वर मफलर, तिला काही ऐकू गेलं नाही.

चारपाच दिवसांनी पंजाबरावांना ठाण्यात बोलावणं आलं. श्रावणबद्दल विचारतील असं समजून ते धुतलेला सदरा घालून गेले. बाकावर गावातली आणखीही काही माणसं बसली होती. साहेबांनी समोरच्या कागदावरून एक नंबर वाचला आणि विचारलं, "हा तुमचाच ना?"

"हो. घरचा होय." कार्ड पंजाबरावांच्याच आधारवर घेतलेलं होतं.

"या नंबरवरून रोज पहाटे अकोल्याला फोन जातो. अर्धा अर्धा, पाऊण पाऊण तास. चोरी झाली त्या वेळेलाही चालू होता. तिकडचं कार्ड चंदन नावाच्या माणसाचं आहे. कोण लागतो तुमचा?"

बाकावरची माणसं वळून बघायला लागली. पंजाबरावांच्या सगळं लक्षात आलं. मफलर, वावरात जायची घाई, सगळं. त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"कोणी नाई," ते म्हणाले.

"कोणी नाही? आणि रोज बोलता?"

"मले माहीत नाई, साहेब."

साहेबांनी पेन उचलून काहीतरी लिहिलं आणि त्यांना जाऊ दिलं. पंजाबराव घरी आले, सदरा काढून खुंटीला टांगला आणि न जेवता पडून राहिले. बेबीताईने विचारलं तर भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी बेबीताईचा फोन वाजला. आचल दिवसा कधीच फोन करत नसे. बेबीताईने नंबर पाहिला तर तोही अनोळखी. पंजाबराव समोरच खाटेवर बसले होते.

"आई, मी दवाखान्यातल्या फोनवरून बोलून राहिली. चंदनले पोलीस घेऊन गेले. दालमिलच्या गेटवरून. अमरावतीकडे आणलं म्हणतात. माहा फोनही घेऊन गेले."

"काहून पण? त्यानं काय केलं?"

"तुह्या-माह्या फोनमुळं व, आई! वलगावच्या चोरीत त्याचा हात हाये काय, म्हणून विचारून राहिले. तिकडच्या माणसानं सांगतलं म्हणे, आमी वळखत नाई."

बेबीताईने फोन खाली ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं. पंजाबरावांनी आता मान वर केली.

"तुमाले विचारलं होतं त्यायनं?"

"हो."

"आन तुमी काय सांगतलं?"

पंजाबराव म्हणाले, "चार माणसं बसले होते तिथं. काय सांगू? माह्या घरात माह्या पाठीमागं काय चालते थे पोलिसाच्या तोंडून आयकावं लागलं मले."

बेबीताईला रागही आला आणि त्यांची कीवही आली. तीन वर्षं तिनं जे झाकून ठेवलं होतं, ते तिच्या तोंडून कळतं तर भांडण झालं असतं, रडारड झाली असती, पण घरातल्या घरात. आता ते गावासमोर, ठाण्याच्या बाकावर मांडलं गेलं होतं. पण या विचारात बसायला वेळ नव्हता. तिने लुगडं नीट केलं, पायांत चपला घातल्या आणि रस्त्यावर येऊन ऑटोला हात केला.

ठाण्याच्या पायऱ्या ती आयुष्यात पहिल्यांदा चढली. दाराशी कुलदीप नावाचा एक तरुण शिपाई होता. तोही जवळच्याच गावचा. त्याने विचारलं, "काकू, काय काम हाये?"

"त्या पहाटेच्या फोनवर मी बोलते," बेबीताई म्हणाली. "माहा जावई इथं आणला तुमी. त्याले सोडा. काय विचारायचं थे मले विचारा."

कुलदीपने तिला बसवलं, पाणी आणून दिलं. आणि आपल्या परीने समजावलं. टॉवरखाली त्या वेळेला जेवढे मोबाइल चालू होते, त्या सगळ्यांचा हिशेब कंपनीकडून आला होता. कोण कोणाशी बोललं, किती वेळ, किती वाजता. "आख्ख्या शिवाराचा आला, काकू. आजूबाजूच्या गावांचाही. त्या येळेले बोलणारे थोडेच असतात. त्यात तुमचा रोजचा."

"आमी काय बोलतो, थेही आयकलं?" बेबीताईने एकदम विचारलं.

"नाई नाई. नुसतं कोण आन किती येळ."

तिला बरं वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही. तो खरं सांगतो की नाही, हे तिला कळायचा काही मार्गच नव्हता.

साहेब वाईट माणूस नव्हते. दमलेले दिसत होते, डोळे लाल होते. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मुलीचं लग्न, नवऱ्याचा राग, पहाटेची वेळ. ऐकताना दोनदा मान डोलावली. मग म्हणाले, "बाई, मुलीशी बोलता हे ठीक आहे. पण रोज पाऊण तास? एवढं काय बोलता?"

"आई-लेकीचं बोलणं."

"म्हणजे काय? एखादं उदाहरण सांगा ना. माझं समाधान होऊ द्या."

बेबीताई त्यांच्याकडे बघत राहिली. शेजारच्या टेबलावर एक जण लिहायला बसला होता, कुलदीप दाराशी होता, बाकावर कोणी दोघे होते. तिला जिन्यात बसलेली आचल डोळ्यांपुढे आली.

"थे मी सांगणार नाई," ती म्हणाली.

"लपवण्यासारखं नसेल तर सांगायला काय हरकत आहे?"

"लपवलं म्हणूनच त पहाटे बोलते, साहेब. नवऱ्यापासून लपवलं, गावापासून लपवलं. पण चोरीचं नाई थे. माहं हाये, आन माह्या पोरीचं हाये. कोणाशी बोलते थे सांगतलं तुमाले. काय बोलते थे नाई सांगणार. माह्याकून चूक झाली असंन त मले बसवून ठेवा इथं."

साहेबांनी लिहिणाऱ्याला खूण केली की एवढंच लिही.

अंधार पडायच्या आत चंदनला सोडलं. फोन मात्र तपासायला ठेवून घेतला. बेबीताई बाहेर लिंबाखाली उभी होती. जावयाला ती पहिल्यांदाच समोर बघत होती. फोटोत दिसतो त्यापेक्षा उंच होता, आणि दालमिलची पिवळी धूळ त्याच्या भुवयांवर तशीच बसलेली होती. तो पाया पडायला वाकला.

"आई, तुमी कायले आल्या? मी आलो असतो निंगून."

"जेवला का?" ती एवढंच विचारू शकली. समोरच्या टपरीवर तिने त्याला चहा-आलुबोंडा खाऊ घातला. त्याने एकदाच ऑटोच्या रस्त्याकडे पाहून विचारलं, "बाबा नाई आले?" ती नाही म्हणाली. पुढे आचलकडून तिला कळलं की ठाण्यात त्याला विचारताना साहेबांनी पंजाबरावांचा जबाब वाचून दाखवला होता. कोणी नाही, ओळखत नाही.

गावात व्हायचं तेच झालं. पाणी भरताना बाया बेबीताईला बघून गप्प व्हायच्या. कोणी मुद्दाम विचारायचं, "काय म्हणते अकोला?" पण हळूहळू कळत गेलं की बाकावर एकटे पंजाबराव उघडे पडले नव्हते. आशाबाईचा मुलगा नागपूरच्या डोक्याच्या डॉक्टरशी फोनवर बोलतो, त्याला झोप लागत नाही, औषधं चालू आहेत, हेही असंच चार जणांसमोर विचारलं गेलं होतं. त्याचं जमत आलेलं लग्न मोडलं. आशाबाई बेबीताईकडे येऊन रडली. दोघी गोठ्यात बसल्या होत्या, म्हैस शेपटी हलवत होती, आणि बेबीताईला पहिल्यांदा वाटलं की हे आपल्या घरापुरतं नाही.

अमरावतीच्या कोर्टात वकिली करणारी नीलम नावाची मुलगी होती, आशाबाईच्या माहेरची. तिने ग्रामपंचायतीच्या सभागृहात बैठक घेतली. एक अर्ज करू, म्हणाली. किती लोकांची माहिती काढली, कोणाच्या परवानगीने काढली, आणि काम झाल्यावर ती पुसणार की कायमची ठेवणार, एवढंच विचारू.

रिटायर मास्तर नत्थुजी उठले. "विचारायचं कायले? पोलीस आपल्यासाठीच करून राहिले ना? जो चोर नाई त्याले भेव कशाचं?" बऱ्याच जणांनी माना हलवल्या.

मग मागून गंगूबाई उभी राहिली. श्रावणची बायको. तिचा नवरा अजून दवाखान्यात होता आणि कोणाला नीट ओळखत नव्हता. "माह्या मालकाचं डोकं फुटलं," ती म्हणाली. "तुमाले फोनची पडली. मी म्हणते, सगळ्यायचे फोन पाहा. माहा पाहा. घरात येऊन डबे उघडून पाहा. पण ज्यानं मारलं त्याले आणा."

बेबीताई पंजाबरावांच्या समोर अशा चारचौघांत कधी बोलली नव्हती. ते पुरुषांच्या बाजूला भिंतीला टेकून बसले होते. ती उठली तेव्हा तिला स्वतःचंच नवल वाटलं.

"गंगू, श्रावणभाऊले मारणारा सापडलाच पायजे," ती म्हणाली. "मी त्या दिवशी तिथंच जवळ होती. मले आयकू आलं असतं त मी धावली असती, थे माह्या जिवाले लागून हाये. मले बोलावून विचारलं असतं त मी सगळं सांगतलं असतं. पण मास्तर म्हणतात तसं नाई. आपण मोरीले पडदा लावतो. आत काय चोरी करतो काय?"

बाया हसल्या. बेबीताई हसली नाही.

"माहा पडदा काढला, आशाच्या पोराचा काढला. आमचं काय झालं थे सगळ्या गावानं पायलं. चोर सापडला असता त मी म्हटलं असतं, जाऊ दे, कामात आलं. पण उद्या चोरी नसली तरी काढतीन का? मले एवढंच विचारायचं हाये."

ती खाली बसली. अर्जावर सह्या झाल्या, सगळ्यांच्या नाही. नत्थुजींनी केली नाही. गंगूबाईनेही केली नाही, पण जाताना ती बेबीताईच्या खांद्याला हात लावून गेली.

चोर पुढे महिन्याभराने दुसऱ्या राज्यात सापडले, चोरलेली गाडी विकताना. कुलदीपनेच फुलं घ्यायला आल्यावर सांगितलं. त्यांच्यापैकी एकाजवळही त्या पहाटे फोन नव्हता, म्हणाला, आणि ओशाळून हसला. श्रावण घरी आला. चालतो, बोलतो, पण ऊन लागलं की डोकं धरून बसतो.

अर्जाचं उत्तर उन्हाळ्याच्या तोंडावर आलं. नीलमने वाचून दाखवलं. मागितलेली माहिती गोपनीय असल्यामुळे देता येत नाही.

"म्हणजे त्यायनं लपवलेलं चालते," बेबीताई म्हणाली. नीलम इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिने पुढचं अपील लिहायला घेतलं. ते अजून चालू आहे.

घरात पंजाबराव त्या हिवाळ्यात बरेच दिवस बोलत नव्हते. मग एका पहाटे बेबीताई मफलर बांधत होती, तर ते म्हशीखालून न बघताच म्हणाले, "आता सगळ्या गावाले माहीत हाये त घरातच बोल ना. थंडीत कायले जातं?"

त्यांच्या मनातून हे शब्द किती ओढून काढावे लागले असतील, हे तिला कळलं. तरी ती म्हणाली, "वावरातच बरं वाटते मले." आणि गेली.

पण वावरातही पहिल्यासारखं राहिलं नव्हतं. फोन लागायचा, आचल बोलायची, आणि मध्येच दोघी अडखळायच्या. तिसरं कोणी ऐकत नाही हे दोघींना पटत होतं, तरी जीभ वळत नव्हती. आचल एखादी गोष्ट सुरू करायची आणि म्हणायची, "जाऊ दे, भेटल्यावर सांगते." मग हवापाणी, भाजी, फुलांचा भाव. दहा मिनिटांत बोलणं संपायचं. एकदा बेबीताई फोन बंद करून कितीतरी वेळ तशीच झेंडूत उभी राहिली. तिला वाटलं, ठाण्यात आपण काही सांगितलं नाही, तरी काहीतरी नेलंच यांनी.

त्यानंतरच्या आठवड्यात तिने नवऱ्याला सांगितलं, "मी अकोल्याले जाऊन येते." विचारलं नाही, सांगितलं. पंजाबराव हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. ती एसटीने गेली. आचलच्या दोन खोल्यांच्या घरात गच्चीवर सतरंजी टाकून मायलेकी दुपारपासून दिवेलागणीपर्यंत बोलत बसल्या. चंदनने वर चहा आणून ठेवला आणि न थांबता खाली गेला. बेबीताईला जावयाची ती समज फार आवडली.

मग ती दर महिन्याला जाऊ लागली. एकदा निघताना पंजाबराव अमरावतीच्या स्टँडवर सोडायला आले. बस लागायची होती. ते बराच वेळ फलाटाकडे बघत होते. मग म्हणाले, "मी ठाण्यात काय म्हटलं थे त्याले माहीत हाये का?"

"हो. वाचून दाखवलं त्याले."

पंजाबरावांनी मान खाली घातली. "काय म्हणला?"

"काहीच नाई म्हणला. मी जेव्हा गेली तेव्हा इचारलं, बाबाची तब्येत कशी हाये."

पुढच्या महिन्यात पंजाबराव बसमध्ये चढले. बडनेऱ्याला काम आहे म्हणाले, आणि पहिल्याच थांब्याला, बडनेऱ्याला, उतरले. काय काम होतं ते बेबीताईने विचारलं नाही. त्याच्या पुढच्या खेपेला त्यांना अकोल्याच्या अर्ध्या वाटेवर, मूर्तिजापूरला, बियाण्यांचा एक दुकानदार भेटायचा होता. त्यांनी मूर्तिजापूरचं तिकीट काढलं, शेजारी बसून भुईमुगाच्या शेंगा सोलून तिच्या हातावर ठेवत राहिले. स्टँड आल्यावर उतरून खिडकीपाशी आले आणि म्हणाले, "संध्याकाळच्या गाडीनं येजो. मी इथंच थांबतो." बस हलली. बेबीताईने वळून पाहिलं, तर ते दुकानांकडे गेले नव्हते. फलाटावरच्या बाकावर बसले होते, अकोल्याच्या रस्त्याकडे तोंड करून.